मदत हवी आहे: गर्भाच्या मेंदूचं आकारमान एमआरआयवर दोन छेदांत वेगळं येतंय

प्रश्न (लातूर): ३० आठवड्यांचा गर्भ, १.५ टेस्लाचं मशीन, टी२ हेस्ट (पाणी उजळ दाखवणारा झटपट स्कॅन). अॅक्सियल (आडवे छेद) ४ मिमी स्लाइस, दोन स्लाइसमध्ये १० टक्के गॅप. कोरोनल (कानापासून कानापर्यंतचे उभे छेद) ३ मिमी, बिनगॅप. हाताने कडा आखून क्षेत्रफळांची बेरीज गुणिले जाडी केली. अॅक्सियलवर १७८ मिली, कोरोनलवर १९९. व्हेंट्रिकल (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) आणि मेंदूबाहेरचं पाणी दोन्हीकडे वगळलंय. सोनोग्राफीत डोक्याचा घेर कमी आहे. कोणता आकडा धरावा?

उत्तर (नांदेड): बेरीज ४ ने गुणली असेल तर गॅपमधला मेंदू मोजलाच गेला नाही. ४.४ ने गुणा, १९५.८ येतील. डायकॉममध्ये (स्कॅनच्या फाइलमध्ये) ‘स्लाइस थिकनेस’ नव्हे, ‘स्पेसिंग बिटवीन स्लाइसेस’ हा रकाना बघायचा. उरलेले तीनेक मिली कडा आखण्यातले. ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ) दोन्हीकडे फोरामेन मॅग्नमलाच (कवटीच्या तळाच्या छिद्राशी) तोडलाय ना, तेवढं तपासा.

मग अॅक्सियल स्टॅक (स्लाइसचा पूर्ण गठ्ठा) सॅजिटलमध्ये (बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदात) फिरवून बघा. कवटीची कड करवतीसारखी दातेरी दिसली तर बाळ मधेच हललंय. स्लाइस एकाआड एक घेतल्या जातात, त्यामुळे एक भाग दोनदा मोजला जातो आणि दुसरा सुटतो. असा स्टॅक सरळ बाद करा.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): नांदेडच्या डॉक्टरांशी सहमत. पुढच्या वेळी तिन्ही प्रतलांत किमान दोन-दोन स्टॅक घ्या, गॅप शून्य, आणि प्रत्येक स्टॅक आधीच्या स्टॅकवरूनच प्लॅन करा. निफ्टीमिक किंवा एसव्हीआरटीके या सॉफ्टवेअरने ते जोडून ०.८ मिमीचा त्रिमितीय व्हॉल्यूम बनवा, आयटीके-स्नॅप या प्रोग्रॅममध्ये कडा आखा. मोठ्यांच्या मेंदूसाठीचं सॉफ्टवेअर इथे नको: गर्भात मायलिन (मज्जातंतूंवरचं चरबीचं आवरण) जेमतेम असतं, टी२ वर व्हाइट मॅटर (आतला तंतूंचा भाग) कॉर्टेक्सपेक्षा (मेंदूच्या बाहेरच्या थरापेक्षा) उजळ दिसतं. आपोआप सेगमेंटेशन (भाग वेगळे आखणं) केलं तरी पाणी आणि कॉर्टेक्सच्या सीमेवर नजर हवीच; तिथले मधल्या छटेचे व्हॉक्सेल (त्रिमितीय ठिपके) व्हाइट मॅटरमध्ये धरले जातात.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. पेशंट ऊसतोडीवरून आलीय, पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी नाही. वय फक्त पाळीच्या तारखेवरून.

उत्तर (नांदेड): मग खरी अडचण हीच आहे, सर. या काळात मेंदू इतका झपाट्याने वाढतो की वयात दोन आठवडे चुकले तर फरक तुमच्या २१ मिलींच्याही वर जातो. डोक्याच्या घेरावरून वय ठरवू नका, शंका त्याच्यावरच आहे. सेरेबेलमची (लहान मेंदूची) आडवी रुंदी आणि मांडीच्या हाडाची लांबी बघा. तीन आठवड्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजा आणि वाढीचा वेग काढा. रिपोर्टमध्ये ‘गर्भाचं वय अनिश्चित’ हे आकड्याच्या शेजारीच लिहा, खाली तळाला नको.