नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं, तरी गेम अडखळतोय? तुमचा अनुभव लिहा

डोंबिवली

नवं कार्ड टाकूनही गेम पूर्वीसारखाच अडखळतो तेव्हा जिवाची काय तगमग होते, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. पैसे साठवून घेतलेली वस्तू, घरात सगळ्यांना सांगून झालेलं. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी नक्की काय बिघडलं होतं आणि ते कसं सापडलं, ते इथे सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

माझा पीसी २०१७ साली असेंबल केलेला. आय५-७४००, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय. वर्षभर दर महिन्याला थोडे बाजूला काढत १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० घेतलं. सायबरपंक २०७७ लावला. मोकळ्या रस्त्यावर ठीक, पण गर्दीच्या बाजारात शिरलो की सेकंदाला ४०-४५ फ्रेम (पडद्यावर येणारी चित्रं) आणि मध्येच हिसका. सेटिंग्ज मीडियमला आणल्या, फरक शून्य. दोन रात्री ड्रायव्हर काढ-घाल केले. शेवटी कार्डच खराब निघालं असं ठरवून शनिवारी कॅबिनेट चादरीत गुंडाळलं, मांडीवर घेऊन दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडचं दुकान गाठलं.

दुकानातल्या काकांनी एक स्क्रूसुद्धा काढला नाही. आफ्टरबर्नर (कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, गेम चालू केला, कोपऱ्यात आकडे आले. कार्डाचा वापर ४८ टक्के. त्याखाली प्रोसेसरच्या चार कोअरचा (आतल्या चार कामगारांचा) वापर: ९८, १००, ९९, १००. मग त्यांनी सगळ्या सेटिंग्ज मीडियमवरून अल्ट्रावर नेल्या. ४३ फ्रेम होत्या, त्या ४२ झाल्या. "कार्डावर एवढा बोजा टाकला तरी फ्रेम उतरल्या का? नाही ना? मग कार्ड रिकामं बसलंय. दमलाय तो प्रोसेसर."

गर्दीतला कोण कुठे निघालाय, गाडी किती वळली, आता पडद्यावर काय काय काढायचं, ही यादी दर फ्रेमला प्रोसेसर करतो आणि कार्डाकडे देतो. यादीच उशिरा आली तर कितीही दणकट कार्ड असो, ते वाट बघत बसतं. त्याच बोर्डवर बसणारा सेकंडहँड आय७-७७०० घेतला. कोअर चारच, पण थ्रेड आठ, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळतो. बाजारातले हिसके गेले, आता तिथेही ५५-६० मिळतात. कार्ड तेच आहे, जे मी परत करायला निघालो होतो.

एकच विनंती. लिहिताना कार्डाचा वापर किती टक्के दिसत होता तेही लिहा. ९५ च्या पुढे असेल तर कार्ड राबतंय. ५०-६० असेल तर त्याला कोण अडवतंय ते शोधायचं.

नागपूर

दादा, माझ्याकडे वापर ९९ दिसायचा आणि तरीही फ्रेम पडायच्या, म्हणून मुद्दाम लिहितो. मे महिना, बाहेर ४५ अंश. पहिली दहा मिनिटं गेम झकास चालायचा, मग हळूहळू जड. आफ्टरबर्नरमध्ये वापराच्या शेजारी क्लॉकचा, म्हणजे कार्डाच्या वेगाचा आकडा असतो, तो मी बघतच नव्हतो. १९०० मेगाहर्ट्झवरून १४०० वर आलेला, आणि तापमान ८४ ला चिकटून बसलेलं. ठरलेल्या मर्यादेला पोचलं की कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. वापर मात्र ९९ च दिसतो, कारण कमी वेगातही ते पूर्ण जोर लावतच असतं.

कॅबिनेटची पुढची बाजू अख्खी काचेची, हवा आत यायला कडेला बोटभर फट. बाजूचं झाकण उघडलं आणि तापमान ७४ वर आलं. नंतर हवा आत खेचणारे दोन पंखे लावले. आणखी एक कळकळीने सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो, त्याच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका. ती ओली हवा असते. मी दोन आठवडे तसं ठेवलं, तर कार्ड जिथे स्क्रूने आवळतात त्या पट्टीवर तांबूस गंज धरलेला दिसला.

कोल्हापूर

माझं लई साधं होतं. मॉनिटरची केबल कार्डाला न लावता जुन्या सवयीनं वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली. गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालत होता. वापर २-३ टक्के. ज्यांचा आकडा इतका खाली दिसतोय त्यांनी आधी कॅबिनेटच्या मागं जाऊन बघा.

नाशिक

लेक अकरावीला आहे, हे सगळं तिच्यापायी शिकले. कार्ड बसवायला ओळखीतला मुलगा आला होता. पीसी चालू होईना, म्हणून त्याने रॅम काढून पुसून घातली आणि बोर्डवरचा गोल सेलही काढून परत बसवला. पीसी चालू झाला. पण व्हॅलरंटमध्ये जुन्या कार्डावर मिळायच्या त्याहून कमी फ्रेम! लेक रडकुंडीला आली, आणि मला वाटलं आपण फसलो.

आठवडाभराने तिनेच शोधून काढलं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी उघडली तर स्पीड २१३३. रॅमच्या पाकिटावर ठळक छापलेलं ३२००. सेल काढला की बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगवर जातं आणि एक्सएमपी बंद होतं, म्हणजे रॅम आपल्या छापील वेगाने धावत नाही. त्यात पुसताना दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये गेल्या होत्या. आमच्या बोर्डवर चार स्लॉट आहेत, त्यात प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा, तरच दोन वाटांनी काम होतं. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये शेजारी लावल्या की दोघींची वाट एकच. दोन्ही नीट केलं तर १७० वर आलेल्या फ्रेम २५० च्या पुढे गेल्या. व्हॅलरंटसारख्या गेममध्ये कार्डापेक्षा प्रोसेसर आणि रॅमच जास्त बोलतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पोरीचा तो आठवडा वाचला असता. त्या मुलाला बोल लावत नाही, त्याने मदतच केली होती.

छत्रपती संभाजीनगर

कार्ड लांब, कॅबिनेट लहान. हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येत होता, म्हणून बसवणाऱ्याने ते खालच्या स्लॉटमध्ये लावून दिलं. स्लॉट दिसायला वरच्यासारखाच लांब. पण माझ्या बी४५० बोर्डवर खालचा स्लॉट थेट प्रोसेसरऐवजी चिपसेटवरून (बोर्डवरच्या मदतनीस चिपवरून) येतो आणि जुन्या, मंद पीसीआय एक्सप्रेस २.० च्या चारच लेन (डेटाच्या वाटा) देतो. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेस नावाची ओळ आहे, तिथे हे उघड दिसतं. त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून कार्डाला थोडं कामाला लावा आणि मगच आकडा वाचा. निवांत असताना कार्ड वीज वाचवायला लिंक मंद करतं. पिंजरा काढला, कार्ड वर नेलं, काम झालं.

पुणे

माझं सेकंडहँड प्रकरण आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्डाला सतत गणितं करायला लावून चलन कमावणं) बंद झालं आणि बाजारात वापरलेली कार्डं धडाधड आली. हॉस्टेलवर राहून परवडेल असं ८ जीबीचं आरएक्स ५८० एकाकडून घेतलं. हातात घेतल्यावर मागची बाजू तेलकट लागली. चिपची उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड सतत तापून त्यातलं तेल पाझरलेलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण कार्ड मिळाल्याचा आनंद इतका होता की पुसलं आणि लावलं.

गेममध्ये वापर १०० टक्के, तापमान चांगलं, तरी मित्राच्या त्याच कार्डापेक्षा फ्रेम बऱ्याच कमी. दोघांचे जीपीयू-झेड शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडली. त्याचा कोअर क्लॉक १३०० च्या वर, माझा ११५०. मायनिंगला मेमरी पळवायची असते आणि वीज वाचवायची असते, म्हणून ती मंडळी कार्डाचं बायोस बदलून कोअर मंद करून ठेवतात. माझ्या कार्डाच्या कडेला बारीकसा स्विच होता, त्यावर मूळ बायोसची दुसरी प्रत शाबूत होती. पीसी बंद केला, नखाने स्विच सरकवला, परत चालू केला. क्लॉक जागेवर.

आणि ५८० घेताना जीपीयू-झेडमध्ये शेडर्सचा (कार्डातल्या छोट्या गणना-भागांचा) आकडा २३०४ आहे ना ते बघाच. २०४८ दिसला तर ते २०४८ एसपी नावाचं वेगळं कार्ड, जवळपास ५७० च.

बेंगळुरू

रायझन ५ ३६०० प्रोसेसरवर इंटेलचं आर्क ए७५० कार्ड टाकलं. वापर कधी ६०, कधी ९०, फ्रेम सारख्या खालीवर. या कार्डाला रिसायझेबल बार चालू लागतो, नाहीतर प्रोसेसर कार्डाच्या मेमरीत एका वेळी २५६ एमबीच्या खिडकीतूनच हात घालतो. बायोसमध्ये तो चालू करायला सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद केलं आणि विंडोजच उठेना! डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती, सीएसएमशिवाय त्यावरून विंडोज सुरू होत नाही. सीएसएम परत चालू करून विंडोजमध्ये गेलो, बॅकअप घेतला, विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटीने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची केली, मग सीएसएम बंद. हा क्रम चुकवू नका, माझी अख्खी रात्र गेली.

सातारा

सगळं वाचून काढलं. माझं कार्ड ३०६० टीआय, प्रोसेसर नवा, रॅम ३२०० वरच. तरी प्रत्येक गेम ६० फ्रेमवर थांबतो. वापर ४० टक्के. कोण अडवत असेल?

डोंबिवली

सगळीकडे नेमके ६० म्हणजे व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) चालू असणार. मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो? डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून बघा.

सातारा

मॉनिटर १४४ चा, पण तिथे ६० होतं. कार्ड बदलल्यावर विंडोजने परत ६० धरलं होतं. आता १४४ केलं, गेम १३० च्या आसपास चालतोय. फक्त एल्डन रिंग अजून ६० वरच आहे.

डोंबिवली

तो ६० लाच बांधलेला आहे. तिथे वापर ४० दिसला तरी निर्धास्त खेळा.