मदत पायजे: अंगणातल्या झाडावर वाघळं, काय करू?

दारव्हेकर: राजेहो लवकर सांगा. पंधरा दिवस झाले घरासमोरच्या झाडावर वाघळं मुक्कामाले हायत, भिंतीले आत्ताच रंग मारला त्यावर सगळे जांभळाचे डाग, सकाळी झाडाखाली बिया न् चघळून टाकलेला चोथा. आई म्हणते झाडच तोड.

संत्रावाला: झाड कोणतं? वाघळं किती, मोठी का लहान? काहीच सांगतलं नाही भाऊ. तसंही खाली गोवऱ्या न् कडूनिंबाचा पाला पेटव, आमच्या बगिच्यातून दोन दिवसात गेली.

मास्तर६२: धूर अजिबात करू नका, पिल्लं असली तर खाली पडून मरतात.

संत्रावाला: मास्तर, फळं आमची खातात, तुमची नाही.

दारव्हेकर: उभा अशोक हाय. सहा-सात हायत, तपकिरी, मुठीएवढी. बाहेरून झाड दाट पण खालून पाह्यलं तर मधात छत्रीवाणी पोकळ, तिथल्या काड्या-पानं कुरतडून पाडली. मले वाटलं कीड लागली, फवारा मारनार होतो.

मास्तर६२: कीड नाही, ते घर हाय! आखूड नाकाचं फळवाघूळ. नर कितीतरी रात्री डहाळ्या दातानं तोडून असा तंबू करतो, मग माद्या येऊन राहतात. ताडावर, भेरली माडाच्या घोसातही करतात. मध्य अमेरिकेतलं होंडुरासचं पांढरं वटवाघूळ तर जेमतेम 4-5 सेंटीमीटरचं, हेलिकोनियाच्या पानाच्या शिरा कुरतडते, पान दोन्हीकडून खाली झुकते न् त्याखाली सगळी चिकटून झोपतात. जांभळाचं बी दूर नेऊन टाकतात तेही हीच वाघळं.

वैनगंगाकाठ: पण निपाह, वाघळापासून होनारा तो रोग? 2018 मंदी केरळात माणसं मेली ना?

मास्तर६२: तिथं संशय मोठ्या फळवाघळावर होता, हे वेगळं. तरी उष्टं फळ खाऊ नका, वाघळाले हात लावू नका.



दारव्हेकर: काल टॉर्च मारून पाह्यलं. एकीच्या छातीले पिल्लू चिकटून होतं, डोळे चमकले त्याचे. आईले दाखवलं तर म्हणे बाळंतीण हाय, राहू दे. आता झाड नाही तोडत. पण भिंतीचे डाग कायनं जातात ते सांगा ना कोणी.