मदत हवी आहे: कन्झम्प्शन ईटीएफमधे साबण-बिस्किटंच गळ्यात पडतायत, फक्त गाड्या-दागिने-एसीवाला प्रकार कसा घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

निफ्टी ५० इंडेक्स फंडात माझी एसआयपी चालू आहे, तिला हात लावायचा नाहीये. तिच्या बाजूने महिन्याला दोनेक हजार कन्झ्युमर डिस्क्रिशनरीत टाकावे असं डोक्यात घोळतंय, म्हणजे पोट भरल्यावर माणूस ज्याच्यावर खर्च करतो ते सगळं, गाडी, दागिने, एसी, हॉटेल, कपडे. कारण काही फार अभ्यासू नाही. २०२५ च्या बजेटमधे १२ लाखापर्यंत टॅक्स माफ झाला, मग २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्या आणि एसी-टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, आणि त्या दसऱ्याला आमच्या नाशकात हायवेच्या सर्व्हिस रोडला हार घातलेल्या गाड्यांची अशी रांग लागली की घरी पोचायला उशीर झाला. शेअर निवडत बसायला वेळ नाही, म्हणून ईटीएफ, म्हणजे बाजारात एका शेअरसारखी घेता येणारी बऱ्याच शेअर्सची तयार टोपली.

आता घोळ असा की निफ्टी इंडिया कन्झम्प्शन या इंडेक्सवर बऱ्याच कंपन्यांचे ईटीएफ आहेत, मी आपला खुशीत फॅक्टशीट उघडली तर ३० शेअर्समधे वरच एअरटेल, आयटीसी, हिंदुस्थान युनिलिव्हर! खाली नेस्ले, ब्रिटानिया, आणि कहर म्हणजे टाटा पॉवर. आता मोबाईलचा रिचार्ज आणि विजेचं बिल हे कोण हौसेने भरतं सांगा. महिंद्रा, मारुती, टायटन, ट्रेंट, इंडियन हॉटेल्स आहेत त्यात, पण मला हवं ते आणि नको ते एकाच पिशवीत.

दुसरं म्हणजे व्यवहार. परवा दुपारी असाच एक कन्झम्प्शन ईटीएफ ॲपवर उघडून बघितला, आयएनएव्ही (म्हणजे आतल्या शेअर्सवरून काढलेली एका युनिटची त्या क्षणाची किंमत) १२३.६०, घेणारा १२३.१० ला उभा आणि विकणारा थेट १२४.९०, मधे कोणीच नाही. म्हणजे मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकली की आत शिरतानाच एक टक्का गेला की. हे असंच असतं का?

आणि मित्र म्हणतोय हे सगळं सोड, सरळ अमेरिकेतला एक्सएलवाय (तिथला कन्झ्युमर डिस्क्रिशनरीचा ईटीएफ) घे. जाणकारांनी जरा सांगा, ऑटो ईटीएफ घेऊ, कन्झम्प्शनच घेऊ, का अमेरिका?

ताकभात:
कन्झम्प्शन आणि डिस्क्रिशनरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, थीमवाला इंडेक्स घरगुती खर्चाचं सगळंच धरतो. फक्त हौसेचा भाग हवा तर निफ्टी ऑटो आणि निफ्टी कन्झ्युमर ड्युरेबल्स, दोन्हीत १५-१५ शेअर. ड्युरेबल्समधे टायटनचा हिस्सा मोठा, मग हॅवेल्स, डिक्सन, व्होल्टास वगैरे. सेबीच्या नियमाने सेक्टर इंडेक्सवरच्या ईटीएफमधे एका शेअरला ३५ टक्क्यांची मर्यादा आहे पण ३५ म्हणजे पण काय थोडं झालं का.
त्याआधी ओव्हरलॅप बघा हो. महिंद्रा, मारुती, टायटन, इटर्नल (झोमॅटोवाली), बजाज ऑटो हे निफ्टी ५० मधे आहेतच, म्हणजे तुम्ही नवीन काही घेत नाही आहात, आहे त्यालाच झुकतं माप देताय. तेच करायचं असेल तर खुशाल करा.
स्प्रेडचं, म्हणजे त्या घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावातल्या फरकाचं म्हणाल तर मार्केट ऑर्डर कधीच नाही, आयएनएव्ही बघून लिमिट ऑर्डर (यापेक्षा जास्त भाव देणार नाही अशी) लावायची, नाही लागली तर उद्या. पहिली पंधरा-वीस मिनिटं टाळा. आणि दोन हजाराची एसआयपीच आहे तर ईटीएफचा हट्ट कशाला, आयसीआयसीआय प्रुडेन्शियलचा निफ्टी ऑटो इंडेक्स फंड आहे, दिवसअखेरच्या एनएव्हीला, म्हणजे युनिटच्या भावाला मिळतो, स्प्रेडची कटकटच नाही.

गार्डन_स्टेट:
मी न्यू जर्सीत असतो, एक्सएलवाय आहे माझ्याकडे. स्वस्त आहे, खर्च ०.०८ टक्के, पण ॲमेझॉन आणि टेस्ला मिळूनच तिसऱ्या हिश्शाच्या वर जातात, त्यामुळे अमेरिकन गिऱ्हाईक काय खरेदी करतंय यापेक्षा टेस्लाचं काय चाललंय यावरच तो जास्त हलतो. २०२२ साली एस अँड पी ५०० साधारण १९ टक्के पडला तेव्हा हा सुमारे ३६ टक्के पडला होता, कारण टेस्ला ६५ आणि ॲमेझॉन ५० टक्क्यांच्या आसपास आपटले. शिवाय कोण कुठल्या डब्यात ते पण बदलत राहतं. डिस्ने, नेटफ्लिक्स आधी डिस्क्रिशनरीत होते ते २०१८ ला कम्युनिकेशनमधे गेले, २०२३ ला टार्गेट आणि डॉलर जनरलला उचलून स्टेपल्समधे (रोजच्या गरजेच्या वस्तूंत) टाकलं.
तुम्ही भारतात राहून घेणार तर एलआरएसने (रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेने) डॉलर पाठवा, बँकेचे चार्जेस भरा, टॅक्स रिटर्नमधे शेड्युल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरा. महिना दोन हजारासाठी एवढा उपद्व्याप मी तरी नसता केला.

ताकभात:
+१. आणि अजून एक, सेक्टर फंडात लोक दर सहा महिन्यांनी उड्या मारतात. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के टॅक्स, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा. मंदी आली की माणूस साबण घेतोच पण गाडी पुढच्या वर्षावर ढकलतो, तेव्हा हा भाग निफ्टीपेक्षा जास्त पडू शकतो हे धरूनच चाला.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. अमेरिका रद्द. ओव्हरलॅपचं खरंच बघितलं नव्हतं, आता रात्री दोन्ही फॅक्टशीट शेजारी ठेवून बसतो. ऑटो इंडेक्स फंडाकडे कल झालाय, फक्त त्यात बॉश, भारत फोर्ज असे पार्टवाले पण दिसतायत, त्यातला काही धंदा ट्रक आणि एक्स्पोर्टवर चालतो ना? कोणी तो फंड दोन-तीन वर्षं ठेवला असेल तर ट्रॅकिंग डिफरन्स (इंडेक्सच्या आणि फंडाच्या परताव्यातला फरक) कितपत येतो ते सांगा प्लीज.