एकांकिकेसाठी मदत हवी: कॉलेजमधला खून आणि इकॉनॉमिक्सचे सर

गंगापूर रोडच्या एका कॉलेजची मुलं आहोत, एकांकिका लिहितोय. जूनमध्ये लायब्ररीत एका प्राध्यापकाचा खून होतो, संशय ऑफिसातल्या क्लार्कवर, कारण त्याच्याकडे अचानक दोन लाख आलेत आणि तो म्हणतो गावाकडचा कांदा विकला. तपास इकॉनॉमिक्सचे सर करतात. बोटांचे ठसे, सीसीटीव्ही काही नकोय, सरांनी नुसत्या इकॉनॉमिक्सच्या डोक्याने पकडायला हवं. आत्ता असं लिहिलंय की लासलगावच्या मार्केटला क्विंटलला 2,000 भाव असताना हा म्हणतो मी जवळच्या पिंपळगावच्या मार्केटला 1,400 ने दिला, आणि सर तिथेच त्याला धरतात, की एवढा फरक असताना कोण ट्रॅक्टर वळवणार नाही? पटतंय का?

प्राध्यापिका_नाशिकरोड:
कल्पना छान आहे रे. गॅरी बेकर हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वाच, गुन्ह्याच्या अर्थशास्त्रावरचा त्याचा पेपर 1968 चा, 1992 मध्ये नोबेल मिळालं. विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला उशीर होत होता म्हणून गाडी बेकायदा जागी लावू की नको, दंड किती आणि पकडले जायची शक्यता किती, असा हिशोब त्याने केला आणि तिथून त्याला हे सुचलं. तुझ्या सरांनी पण आधी हेच विचारावं, कोणाला काय मिळणार होतं आणि धोका किती वाटत होता. भावाचा क्लू मला तरी ठीक वाटतो, जवळच्या दोन बाजारांत एकाच मालाचा एवढा फरक टिकत नाही.

चाळवाला_निफाड:
मॅडम माफ करा पण हा क्लू आमच्याकडचा प्रेक्षक पहिल्या मिनिटाला खोडेल. एकाच सकाळी एकाच मार्केटला एक ट्रॅक्टर 1,400 ला जातो आणि मागचा 2,000 ला, कारण माल सारखा नसतो, साईज, रंग, ओल सगळं बघून बोली लागते. "माझा माल हलका होता" म्हणाला की क्लार्क सुटला.

त्यापेक्षा त्याला असं बोलू दे, "डिसेंबरचा लाल कांदा चाळीत धरून ठेवला होता, जूनमध्ये भाव आला तेव्हा काढला." संपलं! लाल कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, टिकतच नाही, काढला की मार्केटला न्यावाच लागतो. चाळीत ठेवतात तो उन्हाळ, मार्च-एप्रिल-मेमध्ये निघणारा. आणि त्यातसुद्धा थांबायला पैसे पडतात भाऊ, समजा 100 क्विंटल ठेवला आणि सडून वाळून 25 टक्के घट आली तर 1,200 चा भाव 1,600 झाला तेव्हा कुठे आपण होतो तिथेच येतो, मजुरी वेगळीच. मग जो टिकतच नाही तो सहा महिने कोण धरेल? हे सरांना कळायला पुस्तक पण लागतं आणि शिवार पण.

प्राध्यापिका_नाशिकरोड:
हे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. थांबण्याची किंमत, हाच धागा धर.

प्रश्नकर्ता:
दादा, अंगावर काटा आला वाचून. मग क्लार्क असा करतो की शेत भाऊ बघतो, हा दिवाळीनंतर गावी गेला तेव्हा लाल कांदा निघताना बघितलेला, तेवढंच त्याला माहीत. पण सरांनी लगेच बोलून दाखवावं की अजून काही विचारावं?

चाळवाला_निफाड:
लगेच नको. आधी शांतपणे हिशोबपट्टी, म्हणजे माल विकल्यावर मार्केटला मिळते ती पावती, मागू दे, आणि मग विचारू दे की चाळीत किती घट आली. ज्याने खरंच कांदा ठेवलाय त्याला तो आकडा झोपेत पण आठवतो.