३५ हजारात जुनी स्विफ्ट चालवायला मजा यावी म्हणून काय काय करता येईल?

जांभादगड (रत्नागिरी)

मंडळी नमस्कार. माझ्याकडे २०१३ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल आहे, बाबांनी नवी घेतलेली, ८४ हजार किमी झालेत आणि गेली दोन वर्षं माझ्याच हातात आहे. रोजचं ऑफिस, महिन्यातून दोनदा आंबा घाटातून कोल्हापूर कारण बायकोचं माहेर तिकडे, आणि रविवारी पहाटे शिरगाववरून आरे-वारे करत गणपतीपुळे, हे शेवटचं निव्वळ चालवायच्या आनंदासाठी. ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना सांगायला नको, डावीकडे खाली समुद्र आणि वळणामागून वळण.

पण अलीकडे गाडी पूर्वीसारखी वळत नाही असं सारखं वाटतं, स्टेअरिंग फिरवलं की आधी कलते आणि मग वळायला लागते, त्या मधल्या क्षणात विश्वासच बसत नाही. एक मित्र म्हणतो फ्री फ्लो (धूर मोकळा सोडणारा, मोठ्या आवाजाचा) सायलेन्सर लाव, दुसरा म्हणतो कोन फिल्टर (इंजिनाला लावायचा उघडा एअर फिल्टर), तिसऱ्याच्या मते लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) आणि १७ इंची अलॉय चाकं घातल्याशिवाय काही होणार नाही. बजेट ३५ हजार, त्यावर जमणार नाही कारण आंब्याच्या फवारणीचा खर्च तोंडावर आहे. टायर चांगले आहेत, नक्षी अजून दिसते. कुठून सुरुवात करू?

घाटवाट

टायरची नक्षी नको बघू दादा, वय बघ. टायरच्या बाजूला डॉट लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तेवढं बघून इथे टाक, मग पुढचं बोलू.

जांभादगड

आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. ३८१६. म्हणजे २०१६ चा ३८ वा आठवडा. चारही तेच.

घाटवाट

मग तुझं उत्तर तिथेच आहे. रबर वयानं कडक होतं, नक्षी कितीही असू दे, आपल्या उन्हात गाडी बाहेर उभी राहत असेल तर अजूनच. कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही. मी दर आठवड्याला कुंभार्ली घाट करतो, टायर बदलल्यावर तोच घाट मला वेगळा वाटला, ब्रेक मारला की गाडी खाली बसते आणि थांबते, वळणात हाताला कळतं की किती पकड शिल्लक आहे. मजा म्हणतात ती हीच, हाताला कळणं.

आता साइझ. तुझ्या व्हीएक्सआयला कंपनीचा १६५/८० आर १४ येतो (१६५ मिमी रुंदी, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची), वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, १८५/६५ आर १५ यायचा. दोन्हींची उंची जवळपास सारखीच आहे, पहिला सुमारे ६२० मिमी आणि दुसरा ६२१ च्या थोडा वर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि चाक मडगार्डला घासत नाही. झेडएक्सआयचे जुने १५ इंची अलॉय कुणी विकत असेल तर घे, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू बुटकी असल्यामुळे स्टेअरिंगला लगेच उत्तर येतं. १७ इंचाच्या नादी लागू नको, ती चाकं जड असतात, गाडी उचलायला आणि थांबवायला दोन्हीकडे जास्त कष्ट, आणि आपल्या हायवेच्या डायव्हर्जनवर एक खड्डा चुकला की रिम वाकली.

गॅरेज_खेर्डी

टायरचं घाटवाट बोलले ते बरोबर, पण नुसते टायर घालून थांबलास तर पैसे अर्धे वाया. मी २० वर्षं हेच काम करतोय, किनाऱ्यावरच्या गाड्या आणि वरच्या घाटमाथ्यावरच्या गाड्या यांची खालची बाजू वेगळीच दिसते. खारी हवा, वर चार महिने पाऊस, लाल चिखल, हे सगळं खाली जाऊन बसतं.

तू जे लिहिलंयस ना की आधी कलते मग वळते, ते वाचून मला लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश आठवले. बुश म्हणजे रबराचा तुकडा असतो, चाक आणि बॉडीच्या मधे, तो फाटला की तू स्टेअरिंग फिरवतोस आणि चाक आधी त्या ढिल्या रबरात सरकतं मग वळतं. लिफ्टवर घेऊन पहारीनं आर्म हलवून बघायचा, दोन मिनिटांचं काम आहे. सोबत लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी) बघ, खराब रस्त्यावर पुढून कट कट आवाज येत असेल तर बहुतेक तेच. मग शॉकअप. बंपर दाबून बघण्यावर फार विसंबू नको, शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसतो का बघ आणि गाडी खड्ड्यातून निघाल्यावर अजून दोनतीन वेळा डोलते का ते बघ. ८४ हजारात पुढचे संपलेले असू शकतात. आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) सगळ्यात शेवटी, बुश फाटलेला ठेवून अलाइनमेंट केली तर ती मशीनवर जुळते आणि रस्त्यावर पुन्हा बिघडते, असे कितीतरी लोक माझ्याकडे दुसऱ्यांदा पैसे भरायला येतात, वाईट वाटतं.

ब्रेकचं सांगतो कारण तू आंबा घाट उतरतोस. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे ओल कमी आहे का. नव्या डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल शिरली की तो १४० पर्यंत येतो. डॉट ४ नवं असताना २३०, ओलं झाल्यावर १५५. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच राहिलं तर ते ऑइल उकळतं, वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी बदल, डॉट ४ टाक, काही शे रुपयांचं काम आहे. कॅलिपरच्या (डिस्कला ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना काढून साफ करून ग्रीस लाव, किनाऱ्यावर त्या गंजून अडकतात आणि मग एकाच बाजूचा ब्रेक जास्त लागतो. पावसात गाडी दोनचार दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमधे ठेव, चाकाला दगड लाव आणि हँडब्रेक ओढून ठेवू नको, मागचे लायनर ड्रमला चिकटतात.

कोन फिल्टर नको. कंपनीचा डबा पुढून थंड हवा घेतो, तुझा कोन बोनेटच्या आतली गरम हवा घेणार, गरम हवा पातळ असते म्हणजे ताकद उलट कमी, आवाज वाढतो म्हणून जोर वाढल्यासारखं वाटतं एवढंच.

मालवणी_स्टेअरिंग

माझ्याकडे वॅगनार आसा, तरीय सांगतंय, आधी डिक्की रिकामी कर. माझ्या डिक्कीत खताची अर्धी गोण, दोन रिकामे क्रेट, नि कायकाय होता, काढल्यावर कुडाळ ते मालवण गाडी हलकी लागली. नि टायरातली हवा थंडच बघायची, सकाळी निघायच्या आधी, दारार स्टिकर आसता त्याच्यार लिवल्याप्रमाणे. ह्येका एक पैसो लागणा नाय.

अंबोलीची_पायवाट

मी सावंतवाडीहून आठवड्यातून तीनदा आंबोली चढते-उतरते, डिझेल स्विफ्टनं. भाऊ, एक गोष्ट कुणी बोललं नाही, तुमची बसायची जागा. बहुतेक लोक सीट फार मागे आणि पाठ फार कललेली ठेवतात. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे आणि पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. हे बदललं तेव्हा मला गाडी काय करतेय ते पाठीला कळायला लागलं, वळणात शरीर सावरण्यात जी शक्ती जायची ती वाचली. आणि स्टेअरिंगवर ते जाड गुळगुळीत कव्हर असेल तर काढून टाका, घामेजल्या हाताखाली ते सरकतं.

ताकदीबद्दल. माझ्या डिझेलला टर्बो आहे, ७५ पीएस आणि १९० एनएम, त्यात रीमॅप केलं (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली) की फरक जाणवतो कारण टर्बोचा दाब वाढवता येतो, मात्र क्लचवर भार येतो. तुमच्या पेट्रोलला टर्बो नाही, तिथे रीमॅपवर १५-२० हजार घालून हाती फारसं लागत नाही. तुमचं इंजिन वर फिरवलं की छान ओढतं, चढाला तिसऱ्यात न रखडवता दुसऱ्यात चालवून बघा.

सायलेन्सर आणि लोअरिंगबद्दल कळकळीनं सांगते, नका करू. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत. अपघात झाला आणि न कळवलेला बदल निघाला तर इन्शुरन्सला नाही म्हणायला कारण मिळतं. शिवाय आपल्या वाडीवाडीतून जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटे तो आवाज म्हणजे कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईची झोपमोड. आणि खाली केलेली गाडी दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढवून बघा, रॅम्पला पोट घासतं.

देवगड_खाडी

घाटवाट यांच्याशी थोडा असहमत. पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, अरुंद टायर पाणी कापत जातो, त्यामुळे आपल्याकडे १६५ काही वाईट नाही. चांगल्या प्रतीचा १६५ घाल आणि अलॉयचे पैसे बुश आणि शॉकअपला वापर. अरुंद टायरची दुसरी गंमत अशी की ४०-५० च्या वेगातच गाडी हातात खेळायला लागते, आरे-वारेच्या वळणांवर त्याच्या वर जायचंही नसतं, रविवारी तिथे पर्यटक रस्त्यातच उभं राहून फोटो काढतात.

घाटवाट

मान्य, बजेट बघता हेच बरोबर. फक्त नक्षी ३ मिमीवर आली की बदल, १.६ ची कायदेशीर खूण येईपर्यंत थांबू नको, आपल्या पावसात तेवढी पुरत नाही.

जांभादगड

दीड महिना झाला, लिहायचं राहून गेलं. १६५/८० आर १४ चारही नवे १७,२००. लोअर आर्मचे बुश दोन्हीकडचे फाटलेले निघाले, अगदी लिहिल्याप्रमाणे, ते आणि लिंक रॉड मजुरीसकट ४,८००. पुढचे शॉकअप ५,४००, एकातून तेल गळतच होतं. डॉट ४ आणि कॅलिपरच्या पिना १,३००. शेवटी अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,१००. एकूण २९,८००. डिक्कीतून दोन क्रेट, जुना पंप आणि बाबांची पेट्रोलची कॅन निघाली.

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो, रात्री पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला. वारेच्या उतारावर जे डावं वळण आहे तिथे मी दरवेळी आत शिरल्यावर स्टेअरिंग अजून थोडं फिरवायचो, यावेळी एकदा फिरवलं आणि गाडी तिथेच गेली. नेवऱ्याला पोचून मी परत फिरलो आणि तो तुकडा पुन्हा केला. बाबांनाही संध्याकाळी चालवायला दिली, ते काही बोलले नाहीत, पण घरी येताना मुद्दाम लांबून आले.

५,२०० उरलेत. गॅरेज_खेर्डी, एवढ्यात मागचे शॉकअप बसतील का?

गॅरेज_खेर्डी

मजुरीसकट बसतात. जोडीनंच बदलायचे, एकटा नाही. आणि मागची दोन चाकं जोडणाऱ्या बीमचं बुशही त्याच वेळी बघून घे.