एदो काळावर पीएचडी : व्याख्याने किती ऐकावीत, कार्यशाळा कोणत्या कराव्यात?

नवशिकी

नमस्कार. पुण्यात जपानी भाषेत एम.ए. करून येत्या ऑगस्टपासून मी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या पूर्व आशियाई अभ्यास विभागात पीएचडीसाठी दाखल होत आहे. जपानच्या एदो काळातील (१६०३ ते १८६८) गावागावांतले तंटे आणि त्यांसंबंधी वर पाठवलेले अर्ज हा विषय साधारण ठरला आहे. आधुनिक जपानी मला अडखळल्याशिवाय वाचता येते. मात्र कुझुशिजीतले, म्हणजे कुंचल्याने सलग ओढलेल्या जुन्या वळणातले, पान समोर आले की एका ओळीतली चार अक्षरेही धड लागत नाहीत.

विभागाने पाठवलेल्या वेळापत्रकात दर आठवड्याला पाहुण्यांची दोन-तीन व्याख्याने, पंधरवड्याने भरणारी दोन ‘वर्कशॉप’ आणि उन्हाळ्यात इतर विद्यापीठांत होणाऱ्या कार्यशाळांची माहिती आहे. स्वतःचे सेमिनार सांभाळून हे सगळे जमणार नाही, हे उघड आहे. यातले काय धरावे आणि काय सोडावे? कुझुशिजी पहिल्याच वर्षी शिकावी, की आधी कांबुन, म्हणजे जपानी पद्धतीने वाचायचे अभिजात चिनी, पक्के करावे? अनुभवींनी मार्गदर्शन केल्यास उपकृत होईन.

उत्तरवारा

‘वर्कशॉप’ या शब्दाने तुमचा घोटाळा होण्याचा संभव आहे, म्हणून आधी तेवढे सांगतो. आपल्याकडे कार्यशाळा म्हणजे काहीतरी शिकवणारे दोन-चार दिवसांचे शिबिर. तुमच्या वेळापत्रकातले पंधरवड्याचे वर्कशॉप बहुधा तसे नसेल. तिथे कोणा विद्यार्थ्याचे प्रबंधातले प्रकरण काही दिवस आधी सर्वांना पाठवले जाते, बैठकीत ते वाचून दाखवले जात नाही, नेमलेला चर्चक पहिली दहा-पंधरा मिनिटे त्यावर बोलतो आणि मग सगळे टेबल त्या प्रकरणावर तुटून पडते. शिकागो विद्यापीठात ही पद्धत चांगली मुरलेली आहे आणि तिथली पूर्व आशियाविषयीची वर्कशॉप चालवण्याचा बराचसा भार पीएचडीचे विद्यार्थीच उचलतात. यांपैकी एक वर्कशॉप निवडा आणि ते वर्षभर चुकवू नका. पाचव्या-सहाव्या वर्षातल्या माणसाचे कच्चे प्रकरण वाचायला मिळणे ही पहिल्या वर्षातली सर्वांत मोठी कमाई आहे, कारण छापून आलेल्या पुस्तकात लेखकाची धडपड पुसून टाकलेली असते.

व्याख्यानांबाबत माझा अनुभव फारसा भूषणावह नाही. पहिल्या सत्रात मी एकही व्याख्यान सोडले नाही. वहीत बावीस व्याख्यानांची टिपणे जमली आणि दोन सेमिनारचे निबंध मात्र राहून गेले, ते उन्हाळ्यात पुरे करावे लागले. आता महिन्याला दोनच व्याख्याने ऐकतो, पण जाण्यापूर्वी वक्त्याचा एखादा लेख वाचून जातो.

पैशांविषयीही सांगून ठेवतो. उन्हाळी भाषाशिक्षणासाठी अमेरिकन सरकारची फ्लास नावाची जी शिष्यवृत्ती तिथे सतत कानावर पडेल, ती तेथील नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठीच असते. तिच्या भरवशावर बेत आखू नका. विभागाचा स्वतःचा उन्हाळी निधी किती आहे हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्या. पुढे जपानमध्ये राहून काम करायचे असेल, तर जपान फाउंडेशनची संशोधनवृत्ती भारतीयांनाही खुली आहे.

बोरूबहाद्दर

मी जपानचा अभ्यासक नाही; पुण्यात मोडी कागद वाचतो आणि हौस म्हणून तीन वर्षांपूर्वी कुझुशिजीकडे वळलो. या दोन लिप्यांचे एकमेकींशी काही नाते नाही, पण त्या वाचताना माणूस ज्या चुका करतो त्या मात्र सख्ख्या बहिणी आहेत.

मोडी लिहिणारा पानभर रेघा ओढून घेतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघांना अक्षरे टांगत जातो. एदोतला गावकामगार कुंचला तसाच चालवतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. जुन्या काना, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या जपानी अक्षरांच्या, लेखनात ‘का’चा ‘गा’ करणारे दोन ठिपके पुष्कळदा दिलेलेच नसतात. त्यात भर म्हणजे १९०० साली शालेय लेखनासाठी एका उच्चाराला एकच अक्षर ठरवले जाईपर्यंत तिथे एका ‘का’ला निरनिराळ्या चिनी अक्षरांपासून आलेली अनेक वळणे चालत होती. अशा लेखनात अक्षरावरून शब्द लागत नाही, शब्दावरून अक्षर लागते. ‘सां. न. वि. वि.’ हा मायना तोंडपाठ असलेला माणूस मोडी पत्राची पहिली ओळ वाचतच नाही, ओळखतो. तेच तुम्हाला तिकडे करायचे आहे.

तारखांचीही तीच गत. आपल्याकडे सुहूर सनाचे इसन्ने, सलास, अर्बा हे अरबी आकडे पाठ करावे लागतात. तिकडे कालखंडाला दिलेले नाव आणि साठ वर्षांचे चक्र. तेन्मेई ३ म्हणजे १७८३, सशाचे वर्ष, आसामा ज्वालामुखी फुटला ते. अशी दहा-बारा वर्षे मनात पक्की झाली, की बाकीची त्यांच्या आधाराने लागतात.

सरावाला ऑगस्टची वाट पाहू नका. ओसाका विद्यापीठाचे कूला हे ॲप अक्षरओळखीसाठी उत्तम आहे. २०१७ साली क्योतोमध्ये सुरू झालेल्या ‘मिन्ना दे होन्कोकु’ या उपक्रमात भूकंपांच्या जुन्या नोंदींपासून लिप्यंतराला सुरुवात झाली. त्यात कोणालाही घरबसल्या भाग घेता येतो आणि आपल्या चुका दुसरे कोणी दुरुस्त करते. २०२१ साली आलेले मिवो हे ॲप पानाच्या छायाचित्रावरून अक्षरे सुचवते. पण ठशांनी छापलेल्या पुस्तकांवर त्याचा हात जितका बसतो तितका गावच्या हस्तलिखित कागदांवर बसत नाही. आधी स्वतः वाचावे, मग त्याला विचारावे.

चिनीमाती

माझे क्षेत्र चीन आहे, त्यामुळे मी कांबुनची बाजू घेणार हे ओघाने आलेच. तरीही तुमच्या विषयापुरते सांगायचे, तर संपूर्ण कांबुन आधी आणि कुझुशिजी मागाहून, असा क्रम लावण्याची गरज नाही. तुमचे अर्ज सोरोबुन या शैलीत असणार, म्हणजे वाक्ये ‘सोरो’ या नम्र क्रियापदावर येऊन थांबणार, आणि त्यात उलट्या क्रमाने वाचायचे तुकडे ठरावीकच असतात.

खालून वर जाणाऱ्या अर्जाचा नेहमीचा मथळाच पाहा : ‘ओसोरेनागारा काकित्सुके ओ मोत्ते नेगाइआगे तातेमात्सुरी सोरो’, म्हणजे ‘भीत भीत या लेखाद्वारे विनंती करतो’. कागदावर अक्षरे मात्र चिनी क्रमाने येतात : आधी ‘असूनही’, मग ‘भीती’; आधी ‘द्वारे’, मग ‘लेख’; आधी ‘नम्रपणे अर्पण’, मग ‘विनंती’. वाचताना प्रत्येक जोडी उलटवायची. इंग्रजीतून शिकणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना ही कसरत वाटत असे; मराठीत ‘द्वारे’ हे ‘लेखा’च्या मागूनच येते, त्यामुळे उलटवल्यावर वाक्य आपोआप आपल्या वळणावर येते. आणखी एक : घाईच्या लेखनात शेवटचे ‘सोरो’ झिजत झिजत नुसता एक ठिपका उरतो.

तेव्हा अशा शंभरेक अर्जांची छापील लिप्यंतरे आधी वाचून काढा आणि मूळ कागदाकडे नंतर वळा. उन्हाळी कार्यशाळांपैकी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील कांबुन कार्यशाळेचा कल अधिक जुन्या काळाकडे आहे; एदोसाठी केंब्रिजमधील इमॅन्युएल कॉलेजात होणारे पुरालेखवाचनाचे उन्हाळी वर्ग तुम्हाला जवळचे ठरतील. कुठेही जा, पण स्वतःच्या विषयातले, न लागलेले एक पान बरोबर न्या.

उत्तरवारा यांच्याशी एका बाबतीत मात्र मी सहमत नाही. व्याख्याने इतकी तोडू नयेत, निदान आपल्या क्षेत्राबाहेरची तरी. पु. वि. बापटांनी १९३७ साली पुण्यातून विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तो पहिला ग्रंथ चिनी भाषांतरातून वाचून. पालीच्या माणसाने चिनीच्या दारात जाऊन उभे राहिल्याशिवाय असे काम सुचत नाही.

उत्तरवारा

क्षेत्राबाहेरच्या व्याख्यानांविषयीचा मुद्दा मान्य. महिन्याची दोन ही मर्यादा मी पहिल्या वर्षापुरतीच सुचवतो, आणि त्यांतले एक बाहेरचे असू द्यावे. प्रश्नोत्तरांची शेवटची वीस मिनिटे मात्र टाळू नयेत. वक्त्याने कोणता कागद पाहिला आणि कोणता पाहिला नाही, हे बहुतेक वेळा तिथेच कळते.

नवशिकी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या वर्षी एकच वर्कशॉप, महिन्याला दोन व्याख्याने आणि पुढच्या उन्हाळ्यात पुरालेखवाचन, असे ठरवले आहे. उन्हाळी निधीविषयी विभागाला आजच पत्र पाठवले. ऑगस्टपर्यंत रोज एक छापील अर्ज वाचणार आहे.

काल रात्री माझ्याजवळचे ते न लागलेले पान पुन्हा काढले. मथळा आता ओळखता आला. त्याच्या शेवटी जो ठिपका आहे, तो इतके दिवस मी शाईचा डाग समजत होते.