‘सवलत’ कुणी कुणाला दिली?

प्रश्न: व्यापार वाटाघाटींच्या बातम्यांत ‘अमुक देशाने आयातशुल्कात सवलत दिली’ असं नेहमी वाचतो. शुल्क उतरलं तर माल त्याच देशातल्या लोकांना स्वस्त मिळणार ना? मग हे ‘देणं’ कसलं?

उत्तर: शंका रास्त आहे. ‘सवलत’ अरबी ‘सुहूलत’वरून आला, अर्थ सोय. परक्या निर्यातदाराची सोय होते म्हणून ती ‘दिली’ म्हणायचं. १९४७च्या ‘गॅट’ या शुल्क आणि व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातही याच अर्थाचा शब्द आहे. त्यामुळे शुल्क उतरवणं म्हणजे पदरचं गमावणं, असा समज पक्का होतो. या शब्दामागे राजकारणाचा हिशेब आहे. शुल्क उतरलं की झळ बसणारे उद्योग मोजके, पण संघटित असतात. फायदा असंख्य ग्राहकांत थोडाथोडा वाटला जातो आणि त्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. समोरच्या देशानेही बाजारपेठ खुली केली, तर आपले निर्यातदार सरकारच्या पाठीशी उभे राहतात. म्हणून एकट्याने शुल्क उतरवण्यापेक्षा सरकारांना देवाणघेवाण सोपी जाते.

मला मात्र खरं मर्म ‘करार’ या शब्दातच दिसतं. अरबी ‘करार’ म्हणजे स्थैर्य. ‘बेकरार’मध्ये तोच अर्थ आहे. जागतिक व्यापार संघटनेचे सदस्य शुल्काचे कमाल दर बांधून घेतात. प्रत्यक्ष दर त्याहून कमी ठेवता येतो. पण मर्यादा वाढवायची तर पुन्हा वाटाघाटी आणि भरपाई आली. कारखाना उभारणाऱ्याला आजच्या दराइतकीच, तो उद्या अचानक चढणार नाही याची खात्री हवी असते. पुढच्या सरकारचे हातही त्यामुळे बांधले जातात. १९३०मध्ये अमेरिकेने शुल्क चढवलं, तेव्हा कॅनडासह अनेक देशांनी उलट शुल्क लावलं. ‘गॅट’ घडवणाऱ्यांसमोर तो अनुभव ताजा होता.

प्रश्न: आणि व्यापाराच्या बातम्यांतला ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ हा शब्द?

उत्तर: तो तर फारच फसवा! वाचून वाटतं, कुणी लाडका आहे. अर्थ नेमका उलटा: एकाला दिलेला कमी दर सगळ्या सदस्यांना द्यायचा. ‘समान वागणूक’ म्हटलं असतं तर गोंधळ टळला असता. अमेरिकेने १९९८मध्ये आपल्या कायद्यात ही संज्ञा बदलून ‘सामान्य व्यापार संबंध’ अशा अर्थाची केली, ते मला पटतं. मुक्त व्यापार करारांना या नियमातून सूट आहे. म्हणून असा करार केलेल्या देशाला सहसा ‘सर्वाधिक पसंती’च्या दराहूनही कमी दर मिळतो.